सातव्या हुकावरचा पट्टा

नव्या घरात सामान लावून झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून मिशीला फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं. मिशी ही आमची कुत्री. अंगाने पांढरी, पण नाकाखाली दोन्ही बाजूंना काळे झुपके, एखाद्या फौजदाराला शोभतील असे. पाच वर्षं तिला बायकोच फिरवत होती. मग बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, जिने चढणं बंद झालं, म्हणून तर आम्ही वस्तीच्या अगदी कडेला हे तळमजल्याचं घर घेतलं. आम्हाला मूलबाळ नाही. खुर्चीत बसल्या बसल्या तिचा सगळा जीव मिशीत असायचा.

"अहो, नुसतं कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणू नका," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. "तिला धावायला लागतं. तुम्हालाही लागतंच म्हणा. पोट बघा जरा."

मी वजनकाटे तपासतो. दुकानांतले, गोदामांतले काटे बरोबर आहेत का ते पाहायचं, चुकत असले तर ठीक करायचे आणि शिक्का मारायचा. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे एक खोड जडली आहे. कुठली गोष्ट जागेवर नसली की मला चैन पडत नाही. रोजच्या नोंदी ठेवायची सवयही त्यातलीच. त्यामुळे पुढे ज्या वेळा सांगतो आहे त्या आठवून सांगत नाही, वहीत पाहून सांगतो आहे.

आमची गल्ली संपते तिथे कुंपण आहे. आत जुन्या पाणीपुरवठ्याची जागा. यंत्रं केव्हाच हलवली, मागे राहिली ती झाडी आणि मधोमध तळं. तळ्याला वळसा घालून जाणारी पायवाट फाटकातून निघते आणि पुन्हा फाटकाशीच येते. माझ्या पावलांनी दोन हजार एकशे चाळीस. कुत्री मोकळी सोडायला अशी जागा शोधून सापडायची नाही. फाटकाशेजारी एक लाकडी फळी ठोकलेली आहे आणि फळीवर सात हुक.

त्यांचा उपयोग मला सिस्टरांनी सांगितला. त्या आमच्या शेजारीण, निवृत्त परिचारिका. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांच्याकडे दोन म्हातारे कुत्रे होते.

"याला ऐकू येत नाही, त्याला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून एक कुत्रा होतो. तेवढ्यात भागवते."

मग त्यांनी पद्धत सांगितली. कुत्रा आत मोकळा सोडला की त्याचा पट्टा हुकाला टांगायचा, निघताना काढून घ्यायचा. म्हणजे येणाऱ्याला कळतं, आत किती जण आहेत. संध्याकाळी जो शेवटी निघेल त्याने फळी पाहायची. एकही पट्टा दिसला तर फाटकाला कडी लावायची नाही.

"छान आहे की," मी म्हणालो.

"सातवा सोडून कुठलाही हुक घ्या, भाऊ."

सातव्यावर तपकिरी चामड्याचा एक पट्टा होता. कुणाचा तरी ठरलेला हुक असेल, असं मी धरून चाललो.

रोज साडेपाचला आम्ही निघायचो, सव्वासहाला परत. मिशीच्या गळ्यात बायकोने एक घुंगरू बांधलं होतं. झाडीत ती दिसली नाही तरी ऐकू यायची. कधी डावीकडे, कधी पार मागे, कधी पाण्यात. सरळ चालणं तिला ठाऊकच नव्हतं. मी वहीत लिहायचो. कुठली झाडं, कुठले पक्षी, किती पावलं. फळीवर किती पट्टे तेही लिहायचो. आठवड्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. बाकीचे पट्टे येत होते, जात होते. सातव्यावरचा कधी हललाच नाही. सकाळी कामावर जाताना पाहिला, भर दुपारी सुट्टीच्या दिवशी पाहिला, तो होताच. आणि फाटकाला कडी कधीही लागत नव्हती.

चामडं मात्र मऊ होतं. बोटाला तेलाचा वास लागायचा. कुणीतरी त्याची निगा राखत होतं.

तेवीस दिवस मी नोंद केली. चोविसाव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सिस्टर भाचीकडे गेल्या होत्या, विचारायला दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. फळीवर माझा पट्टा आणि तो. मला वाटलं, कुणीतरी विसरलं आहे, आणि बाकीचे सगळे दुसऱ्याचं म्हणून हात लावत नाहीत. एवढा चांगला पट्टा पावसात कुजून जाणार. मी तो काढला, गुंडाळून खिशात ठेवला. वहीतलं पान फाडून त्यावर लिहिलं, आणि ते हुकाखाली टाचणीने लावलं. काय लिहिलं तेही माझ्याकडे उतरवून ठेवलेलं आहे :

'येथील पट्टा बरेच दिवस टांगलेला दिसल्याने जपून ठेवला आहे. मालकाने संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास घेऊन जावा. गल्लीतले शेवटचे घर, हिरवा दरवाजा. घरात कुत्रा आहे, पण प्रेमळ आहे. भिऊ नये.'

फळी रिकामी झाली होती. नियमाप्रमाणे मी फाटकाला कडी लावली. गंजली होती, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

"आज पट्टा उचलून आणलात," बायको हसली, "उद्या कुणाचा कुत्रा आणाल."

मी पट्टा दाराशेजारच्या खुंटीला अडकवला. मिशीने तो एकदाच हुंगला आणि त्याच्याखाली जाऊन बसली. पाठ ताठ, पुढचे पाय जुळवलेले. पाच वर्षांत तिला तसं बसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

"बघा, शहाणी झाली," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना फाटकाशी डोकावलो. चिठ्ठी नव्हती. टाचणी होती तिथेच होती, पुन्हा नीट टोचून ठेवलेली. कडी काढलेली होती. चला, मालक सापडला, म्हणून मला बरंच वाटलं.

त्या दिवशी एका गोदामातला मोठा काटा काही केल्या जुळेना. दर खेपेला थोडं जास्त दाखवायचा, रिकामा असतानाही. तासभर त्यातच गेला. घरी पोचलो तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि दिवस कलला होता. दार उघडलं. पायाशी कुणी आलं नाही.

"मिशी कुठे?"

"अहो, ते पट्टावाले आले होते," बायको खुर्चीतून म्हणाली. हातात विणकाम होतं. "तुम्ही साडेपाच लिहिलंत ना, तर अगदी साडेपाचला. फार सभ्य माणूस. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे. म्हणाले, तुमच्या यजमानांना उशीर होणार आहे, तोवर मी एक फेरी मारून आणतो. आणि मिशी अशी निघाली, जशी रोजचीच ओळख."

"मला उशीर होणार, हे त्यांना कुणी सांगितलं?"

ती विणायची थांबली.

"दिसायला कसे होते?"

"चष्मा होता," ती म्हणाली. "काचा आठवतात. जाड. आणि मागे... अहो, आत्ताच तर पाहिलं मी. मागे काय होतं ते आठवतच नाही."

मी तसाच बाहेर पडलो. सिस्टर नुकत्याच भाचीकडून परतल्या होत्या, पिशव्या अजून पायरीवरच होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. चिठ्ठीचं ऐकल्यावर त्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली.

"पत्ता लिहिलात?"

"हो."

"घरात कुत्रा आहे, तेही?"

"...हो."

त्यांनी टॉर्च घेतला आणि माझ्या पुढे चालायला लागल्या. जे सांगितलं ते वाटेत, मागे न बघता. नऊ वर्षांपूर्वी गल्लीतले चष्मेवाले काका संध्याकाळी कुत्र्याला घेऊन आत गेले. पट्टा सातव्या हुकाला टांगला. कुत्रा तिसऱ्या दिवशी एकटाच बाहेर आला. तळं उपसलं, झाडी पिंजून काढली, काही मिळालं नाही. पट्टा त्यांनी स्वतःच्या हाताने टांगला होता. तो तिथे आहे तोवर ते आत आहेत, अजून फिरताहेत, निघालेले नाहीत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दर महिन्याला तेल सिस्टरच लावत होत्या.

"पाच वर्षांपूर्वी गल्लीतल्या सायकलवाल्याने काढून नेला होता. आपल्या कुत्र्याला बांधायला."

"मग?"

"कुत्रा दुसऱ्या दिवशी गेला. शोधायला सायकलवाला तिसऱ्या दिवशी गेला." त्या फाटकाशी थांबल्या. "पट्टा आपोआप परत हुकावर आला, भाऊ. बाकी कुणी नाही आलं."

त्यांनी टॉर्च फळीवर धरला. सातव्या हुकावर तपकिरी पट्टा होता. अजून हलत होता.

"म्हणजे तिला आत सोडली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत आणायला हवी. मी इथे उभी राहते. पट्ट्यावर हात ठेवून. तो वर उचलला जायला लागला तर मी हाक मारीन, मग तुम्ही जिथे असाल तिथून मागे फिरायचं. एकटे असलात तरी."

मी आत शिरलो.

आकाशात थोडा उजेड होता, पण झाडांखाली तो पोचत नव्हता. रोजची वाट, पण पावलं मोजायला लागलो तर आकडे हातातून सुटायचे. एका पक्ष्याचाही आवाज नव्हता. तळ्यावरून थंड वारा येत होता आणि त्यात एक वास होता, चष्म्याचं जुनं घर उघडल्यावर आतल्या मखमलीला येतो तसला. कोंदट, थोडा गोडसर.

मग घुंगरू ऐकू आलं. पुढे, वळणापलीकडे.

"मिशी!"

घुंगरू थांबलं नाही. छुन... छुन... छुन. एकाच चालीत. मी आधी नुसता आनंदलो, आणि मग माझ्या पाठीतून थंडी गेली. मिशीचं घुंगरू असं कधी वाजतच नव्हतं. ही चाल तिची नव्हती, कुणाच्या तरी पायाशी पाय मिळवून चालणाऱ्या कुत्र्याची होती. कान देऊन ऐकलं तर मध्ये दुसराही एक आवाज होता. सपाट तळव्याचे बूट, ओल्या पाचोळ्यावर.

मी भरभर चाललो, तर ते भरभर. मी धावलो, तर वळणापलीकडचं अंतर तेवढंच राहिलं. अर्धी फेरी मी त्या आवाजामागे काढली. उजेड इतका उतरला की माझेच हात मला राखाडी दिसायला लागले. या चालीने आम्ही रात्रभर तळ्याभोवती फिरणार, हे मला कळून चुकलं. तेव्हा मी थांबलो आणि उलट्या दिशेने चालायला लागलो. वाट गोल होती. ते मागे असोत की पुढे, समोर यायलाच हवे होते.

पाण्याच्या काठाशी, जिथे वाट अरुंद होते, तिथे घुंगरू समोरून आलं.

मिशी वाटेच्या डाव्या कडेने येत होती. मान वर. माणसाच्या हाताची उंची असते तेवढ्यावर तिचे डोळे लागलेले. शेजारी कुणी नव्हतं. फक्त तिच्या उजव्या बाजूचं गवत एकेक पावलाएवढं खाली दबत होतं आणि पुन्हा उठत होतं. माझ्यापासून चार हातांवर ते दबणं थांबलं. मिशीही थांबली.

"मिशी... चल, बाळा."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर पाहत राहिली, विचारल्यासारखी.

मला माझा श्वास ऐकू येत होता. दुसराही एक येत होता.

"काका," मी म्हणालो. "ती आमची आहे. घरी... घरी तिची वाट बघताहेत. बायकोला तिच्याशिवाय कुणी नाही."

गवत तसंच दबलेलं राहिलं. दूर फाटकाकडून सिस्टरांची हाक आली. एकदाच, चिरकी. पट्टा उचलला जात होता. मी मागे फिरायला हवं होतं.

"सोबत हवी असेल तर मी आणतो," मी घाईघाईने बोललो. "रोज आणतो. याच वेळेला. चुकणार नाही. मी कधी चुकत नाही."

काही क्षण काहीच घडलं नाही. मग मिशीच्या दोन कानांमधले केस चपटे झाले. कुणीतरी तळहात ठेवावा तसे. सावकाश मागपर्यंत दबत गेले आणि सुटले. लगेच ती उडी मारून माझ्या पायांत आली, थरथरत, ओली, आणि मी तिला उचलून धावलो. मागे वळून पाहिलं नाही. मागे पावलंही वाजली नाहीत.

सिस्टर दोन्ही हातांनी पट्टा हुकावर दाबून उभ्या होत्या. त्यांच्या तळव्यांवर लाल वळ उमटले होते.

"आत काय बोललात?" रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"रोज. किती दिवस, ते बोललात?"

"नाही."

"काय आणणार, ते?"

मी आठवून पाहिलं. "कुत्रीबद्दलच चाललं होतं की."

"नाव घेतलंत तिचं? बोलताना?"

"...नाही."

सिस्टरांनी टॉर्च विझवला.

बायकोला मी एवढंच सांगितलं, की गृहस्थ जरा विसराळू आहेत, वाट चुकले होते. तिने मिशीला पुसलं, दूध दिलं. रात्री झोपताना मात्र म्हणाली, "अहो, ते परत आले तर मी दार उघडणार नाही." आम्ही त्या माणसाविषयी पुन्हा बोललो नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी एक दिवस चुकवला नाही. ताप असताना गेलो, वादळात गेलो, बढती नाकारली कारण तिथे मुक्कामी जावं लागलं असतं. लोक म्हणायचे, कुत्र्यावर प्रेम असावं तर असं. फाटकातून आत शिरल्यावर मिशी नेहमीसारखी उधळायची. पाण्याच्या काठाशी आलो की डाव्या कडेला जायची, मान वर करायची आणि उरलेली फेरी घुंगरू एकाच चालीत वाजायचं. मी चार पावलं मागून चालायचो. माणसाला कशाचीही सवय होते. शेवटी शेवटी मी त्यांना दिवसभरातल्या काट्यांच्या गमती सांगायचो.

गेल्या बुधवारी दुपारी मिशी गेली. झोपेतच. अकरा वर्षांची होती. बायको अजून तिचं भांडं उचलू देत नाही.

त्या संध्याकाळी मी एकटाच आत गेलो. काठाशी उभं राहून सांगितलं, की ती आता नाही, आणि थांबलो. वास आला नाही, गवत दबलं नाही. परत येताना, खरं सांगायचं तर, मला हलकं वाटलं.

सिस्टरांना ते पटलं नाही. आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, पण ऐकताच उठून बसायला धडपडल्या. "दुसरा कुत्रा आणा. आज आणा," म्हणाल्या. बेवारस कुत्र्यांच्या आश्रयगृहात मी त्याच दिवशी नाव नोंदवलं. लसी टोचायच्या आहेत, शनिवारी न्या, असं त्यांनी सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. बाहेर आलो तर बायको विणकाम खाली ठेवून दाराशी उभी होती. बंद दाराकडे तोंड करून. मान थोडी वर.

"काय गं?"

"कुठे काय?" ती म्हणाली आणि खुर्चीत येऊन बसली. आपण उठलो होतो, हे तिला ठाऊक नव्हतं. घड्याळात साडेपाच झाले होते.

शनिवारी आश्रयगृहाला कुलूप. एका कुत्र्याला आजार निघाला, आठवडाभर कुणालाच देणार नाहीत. दारावर तशी सूचना लावली होती. मी दुसरीकडे विचारलं, ओळखीत विचारलं, रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. ते आमच्या उंबऱ्यापाशी किंचाळलं आणि हातातून निसटून पळालं.

रविवारी ती पुन्हा उभी होती. सोमवारीही. मी आतून कुलूप घालतो आणि किल्ली खिशात ठेवतो. साडेपाचला तिचा हात धरून बसतो. हात गार असतो, पण ती बोलते, हसते, मला वेड्यात काढते.

"अहो, मी कुठे पळून चालले आहे का या वयात?"

काल मंगळवार. मी तिचा हात सोडला नव्हता, दाराचं कुलूप तसंच होतं, सव्वासहा वाजले आणि मी सुटकेचा श्वास टाकला. झोपण्यापूर्वी ती म्हणाली, पायाला काहीतरी टोचतंय. मी दिवा जवळ घेतला आणि तिचे पाय मांडीवर घेतले. घरात घालायचे तिचे लोकरी मोजे. घोट्यापर्यंत त्यांत गवताची कुसळं रुतली होती. हिरवी, ओली. तळ्याच्या काठाला असतात ती.

मी ती एकेक करून काढली. डाव्या पायाला जास्त होती.